मेन बंद केला, तरी टेस्टर पेटला

वाईला गंगापुरीतल्या एका जुन्या वाड्यात, खालच्या मजल्यावर, मावशीनं गेल्या हिवाळ्यात बिऱ्हाड केलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. पहाटे उठून बंबात ढलप्या सारायच्या, जाळ धरेपर्यंत फुंकत बसायचं, मग कढत पाण्याची बादली उचलायची, हे आता तिच्यानं होत नव्हतं. म्हणून १५ लिटरचा, २००० वॅटचा गिझर आणला. प्लंबरनं तो न्हाणीच्या भिंतीवर चढवून नळ जोडून दिले. राहिलं होतं ते विजेचं काम. त्यासाठी शनिवारी सकाळी पुण्याहून मी गेले आणि साताऱ्याहून मामा आले. मी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर, घरातले पंखे, स्विच, प्लग माझे मीच बदलते. मामा आयटीआयला तारतंत्रीचा कोर्स करून ३४ वर्षं वायरमन होते, आता निवृत्त आहेत. त्या दिवशी आमचं जे बोलणं झालं ते इथे मांडते आहे. जुन्या घरात नवा गिझर लावताना असाच प्रसंग कुणावरही येऊ शकतो, आणि माझ्या हातून काय झालं असतं ते सांगणं मला गरजेचं वाटतं.

मी : मामा, तासाभराचं काम आहे. न्हाणीच्या दाराबाहेर प्लगपॉइंट आहेच. मेन बंद करू, तो छोटा प्लग काढून पावरचा बसवू. फेज, न्यूट्रल, अर्थ, तीनच तर वायरी आहेत. दुपारी मावशीला गरम पाणी.

मामा : त्या पॉइंटची वायर कुठून आलीय, बघितलंस?

मी : बोर्डातूनच आली असेल. दुसरीकडून कुठून येणार?

मामा : तुझ्या घरचा बोर्ड असता तर मी खुर्चीवर बसून चहा प्यायलो असतो. तिथं कुठल्या बटणानं काय बंद होतं ते तुला अंधारातही कळतं. हा बोर्ड ना तू भरलास ना मी. कुणी भरला, मधे किती जणांनी हात घातला, काहीच माहिती नाही. अशा बोर्डासमोर मी पहिली पंधरा मिनिटं पेटी उघडत नाही.

मी : पण वीज सगळीकडे सारखीच वागते ना? माझ्या घरी २३० व्होल्ट, इथेही २३०.

मामा : वीज सारखी वागते. माणसं सारखी वागत नाहीत. वायर माणसांनी ओढलेली असते.

बोर्ड ओसरीवर, दाराच्या मागे होता. मामा हात पाठीमागे बांधून टॉर्चच्या उजेडात बघत राहिले आणि मलाही बघायला लावलं. लाकडी फळी, तिच्यावर लोखंडी डब्यातला, बाजूला दांडा असलेला मेन स्विच. खाली चिनीमातीचे चार किटकॅट फ्यूज. एकाच्या कडेला तपकिरी डाग, म्हणजे तिथं कधीतरी तापलं होतं. फळीतून निघून वर जाणारी सर्वांत जुनी वायर सागवानी पट्टीवर खिळे-क्लिपांनी ठोकलेली, वरचं रबर कडक होऊन भेगाळलेलं. तिच्याशेजारी नंतरच्या काळातलं प्लास्टिकचं केसिंग, आत ॲल्युमिनियमची वायर. आणि या दोन्हींवरून मोकळीच लोंबत गेलेली पांढरी फ्लेक्झिबल वायर, मधे काळ्या टेपचा गुंडा. तीन वेळची, तीन हातांची कामं त्या दोन फुटांच्या फळीवर एकमेकांना टेकून बसली होती.

मामा : या पट्टीतली वायर बघ. जुन्या कामात दोन्ही वायरी बऱ्याचदा एकाच रंगाच्या असत. नंतर फेज लाल, न्यूट्रल काळी, अर्थ हिरवी अशी रीत पडली. तुझ्या गिझरच्या दोरीत काय आहे?

मी : तपकिरी, निळी, हिरवी-पिवळी.

मामा : म्हणजे या एका घरात रंगांच्या तीन रीती झाल्या. इथं रंग बघून जोडलंस तर फसशील. आता तू मेन बंद कर.

मी दांडा खाली ओढला. पंखा थांबला, माजघरातला दिवा गेला. न्हाणीच्या बाहेरच्या प्लगला मावशीनं रात्रीचा छोटा दिवा लावून ठेवला होता, तोही विझला. मला हवा होता तो पुरावा मिळाला. मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पॉइंटकडे वळले.

मामा : थांब. काय बघून निघालीस?

मी : त्याच प्लगवरचा दिवा विझला, मामा. वीज असती तर चालू राहिला नसता?

मामा : दिवा विझला म्हणजे दिव्याचं सर्किट तुटलं. कुठल्या बाजूला तुटलं, ते दिवा सांगत नाही.

त्यांनी खिशातून टेस्टर काढला. आधी मेनच्या वरच्या, मीटरकडून येणाऱ्या टोकाला लावून बघितला. टेस्टर पेटला, म्हणजे टेस्टर ठीक होता. मग एकेका किटकॅटला लावत गेले. पहिला मेलेला. दुसरा मेलेला. तिसरा मेलेला. चौथ्याला लावला आणि टेस्टर लाल पेटला. मग ते न्हाणीच्या पॉइंटपाशी आले, प्लगच्या एका भोकात टेस्टर घातला. तिथंही पेटला. मेन बंद होता. दिवा विझलेला होता. आणि ज्या पॉइंटचे स्क्रू मी सोडवणार होते, तो जिवंत होता.

मी काही वेळ बोललेच नाही. स्क्रू-ड्रायव्हर हातातच होता, तो मी खिडकीत ठेवून दिला.

मामा : वरच्या घरमालकांना हाक मार. त्यांना म्हणावं, तुमचा मेन दोन मिनिटं बंद करा.

वरचा मेन बंद झाल्यावर चौथा किटकॅट आणि न्हाणीचा पॉइंट दोन्ही मेले. मामांनी पुन्हा खाली मीटरच्या टोकाला टेस्टर लावून तो अजून चालतो याची खात्री केली. घरमालकांनी वरूनच सांगितलं, की पूर्वी सगळा वाडा एकाच मीटरवर होता. भाडेकरू ठेवायला लागल्यावर खाली दुसरं मीटर आलं. तेव्हा जिन्यातला दिवा वरच्या मीटरवर राहिला, आणि त्याची वायर याच फळीवरून जात राहिली. पुढं कुणालातरी न्हाणीपाशी प्लग हवा होता. जवळ जी फेज सापडली ती त्यानं घेतली, वरच्या मीटरची. न्यूट्रल मात्र खालच्या बोर्डातून उचलला.

मी : आता कळलं. खालचा मेन फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडतो. मी दांडा ओढला तेव्हा दिव्याचा परतीचा रस्ता तुटला, म्हणून दिवा गेला. फेज वरून येतच होती. मी हात लावला असता, तर परतीचा रस्ता मीच झाले असते.

मामा : आणि फरशी ओली होती.

मी : पण मामा, हा अपवाद झाला. दहा घरांतल्या नऊ घरांत असं नसतं.

मामा : किती घरांत असतं ते मी मोजलेलं नाही. पण जुन्या बोर्डात काय काय सापडतं ते सांगतो. जुन्या कामात फेजला एक किटकॅट आणि न्यूट्रललाही एक किटकॅट असायचा. न्यूट्रलचा उडाला की सगळं घर अंधारात जातं आणि फेज मात्र जागची हलत नाही. न्यूट्रलमध्ये सुटा फ्यूज किंवा सुटं बटण ठेवू नये, हे १९५६ च्या वीज नियमांतच होतं. पण फळ्या काही कुणी खाली उतरवल्या नाहीत. काही घरांत इन्व्हर्टर असतो, मेन बंद केला की तोच मागून वीज ढकलतो. मोठ्या वाड्यात एका खोलीला एक फेज आणि शेजारच्या खोलीला दुसरी. त्या दोन वायरी चुकून एकत्र आल्या तर २३० नाही, चारशेच्या आसपास व्होल्ट मिळतात. म्हणून मी कितव्या घरात आहे याचा विचार करत नाही. ज्या वायरीला हात लावायचा ती आधी तपासतो. जिवंत जागी टेस्टर लावून बघायचा, मग आपल्या वायरीला, मग पुन्हा जिवंत जागी. आणि काढलेला किटकॅट फळीवर ठेवायचा नाही, स्वतःच्या खिशात घालायचा. आपण न्हाणीत काम करत असताना घरातलं कुणीतरी पंखा लागत नाही म्हणून तो परत बसवतं.

मावशीनं तेवढ्यात चहा आणला. मामांनी तिला सांगितलं, "अक्का, आज न्हाणीबाहेरच्या त्या प्लगला हात लावायचा नाही." तिनं विचारलं, तो रात्रीचा दिवा ती वर्षभर ओल्या हातानं काढत-घालत होती त्याचं काय. कुणीच उत्तर दिलं नाही.

चहा झाल्यावर मी दुसरा मुद्दा काढला. मला अजून वाटत होतं की एकदा गोंधळ समजला, की तो दुरुस्त करणं अवघड नाही.

मी : समजा, फेज खालच्या मीटरवर घेतली. पॉइंटला हिरवी वायर आहे, म्हणजे अर्थिंगही आहे. मग अडचण कुठे?

मामा : हिरवी वायर आहे. अर्थिंग आहे का, ते बघू. मीटर लाव.

वरचा मेन पुन्हा चालू करून मी मल्टिमीटर फेज आणि अर्थच्या भोकांत लावला. आकडा नव्वदच्या आसपास हलत होता. ना शून्य, ना २३०. मामांनी पेटीतून टेस्ट लॅम्प काढला : होल्डरमध्ये साधा १०० वॅटचा बल्ब आणि त्याच्या दोन वायरी. लावण्याआधी त्यांनी सगळ्यांना न्हाणीपासून आणि नळांपासून लांब उभं केलं. अर्थची वायर कुठं टेकली आहे ते माहीत नसताना तिच्यात बल्बमधून वीज सोडायची, तर त्या वेळी कुणाचाही हात लोखंडाला नको, असं म्हणाले. मग बल्ब लावला. बल्बाची तार लालसुद्धा झाली नाही.

मी : हे मला समजायला हवं होतं. डिजिटल मीटरला आकडा दाखवायला जवळजवळ करंट लागतच नाही. शेजारून फेजची वायर जात असेल तर अधांतरी लोंबणाऱ्या वायरीवरही तो काहीतरी व्होल्टेज दाखवतो. बल्बाला अर्धा अँपिअर लागतो. तो अधांतरी वायर देऊ शकत नाही.

मामा : हे का होतं ते तू नीट सांगितलंस. आमच्या वस्तादानं आम्हाला एवढंच सांगितलं होतं, की अर्थिंगवर बल्ब न्यूट्रलइतकाच लख्ख पेटला पाहिजे. मंद पेटला तरी अर्थिंग खराब समजायचं. चल, ही हिरवी कुठं जाते बघू.

हिरवी वायर भिंतीतून मागच्या बोळात निघाली होती. तिथं ती एका लोखंडी नळाच्या तुकड्याला पक्की गुंडाळलेली होती, चार वेढे, वर तांब्याच्या तारेचा पीळ. काम करणाऱ्यानं मनापासून केलं होतं. पूर्वी तो नळ जमिनीत शिरून रस्त्याच्या लाइनला मिळायचा, म्हणून जुन्या घरांतून त्यालाच अर्थिंग मानायची पद्धत पडली. आता तो नळ विटेच्या पातळीला कापलेला होता. विटेतून बाहेर आलेला बोटभर गंजका तुकडा, त्याला बांधलेली हिरवी वायर, आणि शेजारून वर गेलेला नवा प्लास्टिकचा पांढरा पाइप. प्लंबरनं गंजलेला पाइप बदलून चांगलं पाणी आणलं आणि त्याला न कळता घराचं अर्थिंग तोडलं. घरात त्यानं काहीच बिघडलं नाही. दिवे लागत होते, पंखा फिरत होता, टीव्ही चालू होता.

मामा : यासाठी मी म्हणतो, गिझर चालला म्हणजे काम बरोबर झालं असं नाही. अर्थिंग नसतानाही तो पाणी तापवेल, अगदी छान तापवेल. काम बरोबर होतं की नव्हतं ते ज्या दिवशी आतली कॉइल फुटेल त्या दिवशी कळेल.

मी : कॉइलवर धातूचं कवच असतं. क्षार साठून ते जास्त तापतं आणि चिरतं. पाणी आत शिरलं की फेज टाकीच्या पत्र्यावर, नळावर, पाण्यात. अर्थ असेल तर ती वीज त्या वायरीतून जाते. नसेल तर नळ उघडणाऱ्या माणसातून.

मामा : आणि फ्यूज?

मी : माणसाच्या शरीरातून ५० ते १०० मिलीअँपिअर गेले तरी हृदय थांबू शकतं. १६ अँपिअरच्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागणार नाही. शंभर मिलीअँपिअर म्हणजे त्याचा एकशेसाठावा हिस्सा.

मामा : बरं, मी परसात अर्थिंगचा पाइप पुरला. जमिनीचा रोध धर दहा ओहम. आता?

मी : २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर. वीसची एमसीबी त्यावर लगेच पडणार नाही. बराच वेळ तशीच राहील.

मामा : म्हणून नुसत्या अर्थिंगवर भागत नाही. त्याच्या जोडीला ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी पाहिजे. जाणारी आणि परत येणारी वीज ती सतत ताडून बघते. मधेच कुठं गळती झाली की क्षणात तोडते. पण ती या बोर्डावर बसव म्हणालीस तर बसणार नाही. फेज एका मीटरची आणि न्यूट्रल दुसऱ्याचा, तिचा हिशोब जुळणारच कसा? प्लग लावला की पडेल. मग कुणीतरी येऊन म्हणेल, ही आरसीसीबीच खराब आहे, काढून टाका.

हे वाक्य मला लागलं, कारण अगदी असंच माझ्याकडे घडलं होतं. तेव्हा मी माझं खरं म्हणणं मामांपुढे मांडलं.

मी : मामा, तुम्ही म्हणाल आता वायरमनला बोलावू. दोन वर्षांपूर्वी पुण्यात माझा गिझर सारखा ट्रिप व्हायचा. मी रीतसर माणूस बोलावला. तो दहा मिनिटांत गेला, जाताना म्हणाला, "मॅडम, आता ट्रिप होणार नाही." चार महिन्यांनी मी प्लग उघडला. हिरवी वायर कापून टेपनं बंद केलेली होती. गळती तशीच होती, ती सांगणारी वायर तेवढी त्यानं तोडली होती. मी चार महिने त्या पाण्यानं आंघोळ करत होते. म्हणून मी शिकले. म्हणून मी स्वतः करते. माझ्या जिवाची काळजी माझ्याइतकी दुसऱ्या कुणाला असणार?

मामांनी चष्मा काढला. मग पुन्हा घातला.

मामा : त्यानं केलं ते वाईट होतं. त्याची बाजू मी घेणार नाही. परवाना खिशात असला म्हणजे हात प्रामाणिक असतोच असं नाही, हे मी नोकरीत पुष्कळ पाहिलंय. पण तू त्यातून जे काढलंस ते मला अर्धंच पटतं. तू शिकलीस म्हणून कापलेली वायर तुला सापडली. ते शिकणं पाहिजेच, प्रत्येक घरात एकाला तरी हे कळायला पाहिजे. पण आज सकाळी तुला सगळं माहीत होतं आणि तरी तू त्या पॉइंटकडे निघाली होतीस. माहिती कमी नव्हती. हात दाबून ठेवायची सवय नव्हती. ती पुस्तकातून येत नाही, दुसऱ्याच्या बोर्डांवर वर्षानुवर्षं काम करून येते.

मी : म्हणजे घरातल्या माणसानं विजेला हातच लावायचा नाही?

मामा : कायदाही असं म्हणत नाही. १९५६ च्या नियमांत आणि पुढं २०१० च्या सुरक्षा नियमांतही रेघ स्पष्ट ओढलीय. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरण बदलायचं तर बदला, पण त्यानं वायरिंगची क्षमता आणि स्वरूप बदलता कामा नये. त्यापुढचं काम लायसन्सवाल्या कंत्राटदाराकडून, परवाना असलेल्या माणसाच्या हातून. तू घरी पंखा बदलतेस ते रेघेच्या आत. सहा अँपिअरच्या पॉइंटवर गिझर घालणं रेघेच्या बाहेर. आणि ही रेघ कुणीतरी कागदावर उगाच ओढलेली नाही. गिझरला किती अँपिअर?

मी : २००० भागिले २३०. पावणेनऊच्या जरा खाली, ८.७.

मामा : आता या केसिंगमधल्या ॲल्युमिनियमला पुढं तांब्याची वायर पिळून जोडलीय, तो टेपचा गुंडा. ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू सरकतं, त्यावर गंजाचा थर येतो, जोड ढिला होतो. धर, तिथं अर्धा ओहम रोध झाला.

मी : ८.७ चा वर्ग सुमारे ७६. त्याच्या निम्मे ३८ वॅट. माझी सोल्डरिंगची इस्त्री २५ वॅटची आहे.

मामा : म्हणजे तुझ्या इस्त्रीपेक्षा गरम जोड, सागवानी पट्टीला टेकून, रोज वीस मिनिटं. पंखा-दिव्याला अर्धा-एक अँपिअर लागतो, म्हणून इतकी वर्षं त्या जोडानं काही दाखवलं नाही. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. गिझर लावला की तो जोड बोलायला लागेल.

मी : आणि किटकॅटमध्ये?

मामांनी मेन बंद असलेला एक किटकॅट उपसून माझ्या हातात दिला. आत फ्यूज वायरीच्या जागी फ्लेक्झिबल वायरीतले तांब्याचे बरेच धागे एकत्र पिळून घातले होते. तो फ्यूज कधीच उडाला नसता. त्याच्या आधी भिंतीतली वायर जळाली असती.

मी हरले असं मला वाटलं नाही. मी जे म्हणत होते त्यातलं एक मामांनी मान्य केलं होतं, आणि ते मला सोडायचं नव्हतं.

मी : ठीक आहे. काम परवानावाला करेल. पण मी शेजारी उभी राहीन आणि विचारीन. विचारलेलं त्याला आवडलं नाही तर दुसरा माणूस बोलावू.

मामा : हे मला शंभर टक्के मान्य. चांगला वायरमन विचारलेल्या प्रश्नावर रागावत नाही. काय विचारशील?

मी : गिझरची लाइन थेट मीटरपाशी वेगळी निघते का. वायर किती एमएमची. अर्थिंग कुठं पुरलं आणि बल्ब लावून दाखवता का. आरसीसीबी गिझरच्या लाइनवर आहे का. बटण फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतं का. वायरीचं इन्सुलेशन मोजणारा मेगर लावून आकडा दाखवता का.

मामा : आणि काम झाल्यावर टेस्ट रिपोर्ट मागायचा. मंजूर लोडमध्ये गिझर बसतो का, ते घरमालकांच्या वीजबिलावर बघायचं.

मावशीला सांगायचं मला जड गेलं. तीन दिवस थांबावं लागणार होतं, आणि वाईची थंडी कृष्णेच्या काठानं सरळ वाड्यात शिरते. ती म्हणाली, "चाळीस वर्षं बंबानं भागलं, आणखी तीन दिवस भागेल. पण पेटवायचा तू." रविवारी पहाटे मी ढलप्या फोडल्या, बंब पेटवला. धुरानं डोळे चुरचुरले, तोटी तापून हाताला बसली. मला तेव्हा जाणवलं, की मावशीला बंबाचा चटका कधी मोठा बसला नाही, कारण बंब जवळ येणाऱ्याला आधीच सांगतो. न्हाणीच्या बाहेरचा तो पांढरा प्लग वर्षभर तिच्या हाताखाली होता आणि त्यानं कसलीच खूण दिली नव्हती. विजेच्या बाबतीत ही खूण आपल्याला मुद्दाम उभी करावी लागते, टेस्टरनं, बल्बानं, आरसीसीबीनं.

मंगळवारी गावातले लायसन्सवाले कंत्राटदार दोन माणसं घेऊन आले. मामा साताऱ्याहून परत आले, पण पेटी घरी ठेवून. त्यांच्या परवान्याची मुदत संपली आहे आणि हे काम आपण करायचं नाही, असं ते स्वतःच म्हणाले. परसात पाइप पुरून नवं अर्थिंग झालं. मीटरपासून चार एमएम तांब्याच्या वायरी आणि सोबत अर्थची तार, सलग, मधे एकही जोड नाही. वीसची दोन्ही बाजू तोडणारी एमसीबी, ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, न्हाणीच्या बाहेर उंचावर दिवा असलेला डबल पोल स्विच. जुन्या लाइनवर त्यांनी ५०० व्होल्टचा मेगर लावला. किमान एक मेगाओहम हवा, तिथं पाव मेगाओहमही भरला नाही. नव्या लाइनवर काटा पलीकडच्या टोकाला गेला. मी सगळे प्रश्न विचारले. कंत्राटदारांनी दोनदा हातातलं काम थांबवून दाखवलं, आणि बल्ब अर्थिंगवर लख्ख पेटला.

शेवटी आरसीसीबीवरचं 'टी' बटण मावशीकडून दाबून घेतलं. खट्‌ आवाज झाला, लाइन पडली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला हे करायचं, तिनं कॅलेंडरवर खूण करून ठेवली. न्हाणीचा जुना पॉइंट काढून टाकला. जिन्याच्या दिव्याची वायर मात्र तूर्त त्याच फळीवरून जाते. ती घरमालक पुढच्या महिन्यात हलवणार आहेत.

मावशी आंघोळीला गेली तेव्हा मी एक कागद घेतला आणि नव्या बोर्डाच्या दाराच्या आतून चिकटवायला लिहायला बसले. कुठली एमसीबी कशाची, वायर किती एमएमची, अर्थिंगचा पाइप परसात कुठल्या झाडाशेजारी, काम कोणत्या तारखेला झालं. मला वाटलं, त्या चार वेढ्यांच्या हिरव्या तारेवर कुणी अशी एक चिठ्ठी बांधली असती, तर प्लंबरनं पाइप कापण्याआधी विचारलं असतं. मामांनी कागद वाचला, पेन मागून घेतलं आणि सर्वांत वर, मोठ्या अक्षरात, स्वतःच्या हातानं लिहिलं : "जिन्याचा दिवा वरच्या मीटरवर आहे. खालचा मेन बंद केला तरी चौथा किटकॅट चालू राहतो. आधी टेस्टर लावा."